विरोधकांचीच योजना स्वतःच्या कायद्यात घातली आणि जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना सरकारी आरोग्य विमा मिळवून दिला

तारीख ३० जुलै १९६५. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं इंडिपेन्डन्स नावाचं गाव.

एरवी राष्ट्राध्यक्ष मोठ्या कायद्यावर सही करतात ती वॉशिंग्टनमध्ये. पण त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन सही करण्यासाठी मुद्दाम या गावात आले होते. कारण इथं ८१ वर्षांचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन राहायचे.

ट्रुमन यांनी १९४५ मध्ये सगळ्या अमेरिकनांना सरकारी आरोग्य विमा देण्याचा प्रस्ताव संसदेपुढं ठेवला होता. तो काही पास झाला नाही. वीस वर्षांनी त्या स्वप्नाचा एक तुकडा, म्हणजे ६५ वर्षांवरच्या लोकांचा विमा, कायदा होत होता. त्याचं नाव मेडिकेअर. त्याचे पहिले सभासद म्हणून ट्रुमन यांचीच नोंद झाली.

आता प्रश्न असा आहे की जे वीस वर्षं कुणालाच जमलं नाही ते जॉन्सन यांनी नव्या संसदेच्या पहिल्या सात महिन्यांत कसं जमवलं?

त्यासाठी आधी हा माणूस समजून घ्यायला लागतोय.

जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा, टेक्सासमधल्या स्टोनवॉल गावाजवळचा. वडील राज्याच्या विधिमंडळात आमदार होते, पण शेतीत कर्जबाजारी झाले. त्यामुळं पोरानं घरात राजकारण पण बघितलं आणि गरिबी पण. शिक्षकाच्या कॉलेजात शिकताना पैसे संपले म्हणून त्यांनी १९२८ मध्ये कोटुला नावाच्या गावात मेक्सिकन वंशाच्या पोरांच्या शाळेत मास्तरकी केली. ही पोरं बऱ्याचदा उपाशीपोटी वर्गात यायची. पुढं राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही जॉन्सन या शाळेची आठवण काढत राहिले.

१९३१ मध्ये ते एका खासदाराचे सचिव म्हणून वॉशिंग्टनला आले आणि १९३७ मध्ये स्वतःच खासदार झाले. १९४८ मध्ये सिनेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी ठरवणारी निवडणूक त्यांनी जिंकली ती फक्त ८७ मतांनी. त्या मतमोजणीवरून घोटाळ्याचे आरोप झाले, ते आयुष्यभर चिकटले. पण एकेका मताची किंमत काय असते हे या माणसाला त्या दिवसापासून कुणी शिकवायची गरज उरली नाही.

पुढं ते सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते झाले. सहा फूट तीन इंचांच्या वर उंची. समोरच्याच्या अंगावर वाकून, दंड धरून, नाकाला नाक लावून बोलायची सवय. कोणत्या सिनेटरला कुठलं धरण पाहिजे, कोण कुणावर खार खाऊन आहे, कुणाच्या मतदारसंघात काय चाललंय, सगळं तोंडपाठ. मतदानाच्या आधी कुणाची किती मतं हे त्यांना माहिती असायचं. १९५५ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांना हार्ट अटॅकचा मोठा झटका आला. ते वाचले, परत आले आणि पुन्हा त्याच जोमानं कामाला लागले.

१९६१ मध्ये ते जॉन केनेडी यांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

इकडं आरोग्य विम्याचं काय झालं होतं?

ट्रुमन यांचा प्रस्ताव पाडण्यात सगळ्यात पुढं होती अमेरिकन मेडिकल असोसिएशन, म्हणजे डॉक्टरांची संघटना. सरकार पैसे देणार म्हणजे सरकार दवाखान्यात घुसणार, हा समाजवाद आहे, असा प्रचार त्यांनी देशभर केला. शीतयुद्धाचा काळ होता, त्यामुळं तो शब्द चांगलाच लागला.

मग विम्याच्या समर्थकांनी मागणी लहान केली. सगळ्यांना नको, निदान म्हाताऱ्यांना तरी द्या. यामागं गणित होतं. नोकरी करणाऱ्यांना कंपनीकडून विमा मिळायचा. पण निवृत्त झालं की तो जायचा आणि आजारपण तेव्हाच सुरू व्हायचं. खासगी कंपन्या म्हाताऱ्यांना दारात उभं करायच्या नाहीत, केलं तर हप्ता परवडायचा नाही. साधारण निम्म्या म्हाताऱ्यांकडं हॉस्पिटलचा विमाच नव्हता. आईबापाच्या एका ऑपरेशनमध्ये पोरांची बचत साफ व्हायची.

तरीही गाडी पुढं जाईना. १९६१ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेनं या विम्याच्या विरोधात एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यावर आवाज होता एका अभिनेत्याचा, रोनाल्ड रेगन यांचा. हेच पुढं राष्ट्राध्यक्ष झाले. १९६२ मध्ये केनेडी यांनी जोर लावला, तर सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी विषय बाजूला टाकला गेला.

२२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडी यांची हत्या झाली आणि जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यांच्यासमोर मुख्य अडथळा एकच होता. विल्बर मिल्स.

अमेरिकेच्या संसदेत कराशी संबंधित प्रत्येक विधेयक कनिष्ठ सभागृहाच्या वेज अँड मीन्स समितीतून जातं. मेडिकेअरचा पैसा पगारावरच्या करातून येणार होता, म्हणून तेही तिथूनच जाणार. समितीचे अध्यक्ष होते अर्कान्सासचे मिल्स. पक्ष जॉन्सन यांचाच, पण मेडिकेअर त्यांनी अडवून धरलं होतं. त्यांना काळजी होती पेन्शनच्या तिजोरीची. हॉस्पिटलची बिलं भरता भरता म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा पैसाच संपला तर? आणि दुसरी गोष्ट म्हणजे हरणारं विधेयक सभागृहात न्यायचं नाही, हा मिल्स यांचा शिरस्ता.

सप्टेंबर १९६४ मध्ये सिनेटनं ४९ विरुद्ध ४४ मतांनी मेडिकेअर पहिल्यांदा मंजूर केलं. पण दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत मिल्स यांनी ते मान्य केलं नाही. विषय तिथंच संपला.

जॉन्सन यांनी मिल्स यांच्याशी जाहीर भांडण केलं नाही. १९६४ पासूनच ते फोनवरून मिल्स यांच्या मागं लागले होते आणि एक गोष्ट सतत सुचवत होते. हा कायदा करणारा माणूस म्हणून इतिहासात नाव लागेल ते तुमचं. यातले काही कॉल जॉन्सन यांनी रेकॉर्ड करून ठेवले होते, ते नंतर बाहेर आले.

नोव्हेंबर १९६४ च्या निवडणुकीनं चित्र पालटलं. जॉन्सन यांना ६१ टक्के मतं मिळाली. कनिष्ठ सभागृहातल्या ४३५ पैकी २९५ जागा डेमोक्रॅट्सच्या झाल्या. समितीतलं बळही बदललं, १७ डेमोक्रॅट आणि ८ रिपब्लिकन. आता मेडिकेअर येणार हे मिल्स यांनाही कळून चुकलं. प्रश्न एवढाच होता की ते येताना मिल्स गाडीत बसणार की रस्त्यात उभे राहणार.

जॉन्सन यांना आणखी एक गोष्ट माहिती होती. निवडणुकीतली लाट फार दिवस टिकत नाही, दर महिन्याला खासदार थोडे थोडे लांब जातात. म्हणून जानेवारी १९६५ मध्ये नव्या संसदेत मेडिकेअरला दोन्ही सभागृहांत विधेयक क्रमांक १ देण्यात आला.

आता टेबलावर तीन योजना होत्या.

पहिली जॉन्सन सरकारची. यात म्हाताऱ्यांचं हॉस्पिटलचं बिल भागणार होतं, पण डॉक्टरची फी नाही.

दुसरी रिपब्लिकन खासदार जॉन बर्न्स यांची. सरकारी विमा, पण ऐच्छिक. ज्याला पाहिजे त्यानं हप्ता भरावा, बाकीचा भार सरकार उचलेल आणि त्यातून डॉक्टरची फीही मिळेल.

तिसरी डॉक्टरांच्या संघटनेची. म्हाताऱ्यांतल्या फक्त गरिबांना राज्यांमार्फत मदत वाढवा.

विरोधक एक मुद्दा बरोबर पकडत होते. लोकांना वाटतंय मेडिकेअरमध्ये सगळं मिळणार, पण यात डॉक्टरची फीच नाही, लोक फसतील. मिल्स यांनाही ते पटत होतं.

२ मार्च १९६५ ला बंद दाराआड समितीची बैठक होती. मिल्स यांनी बर्न्स यांना त्यांची योजना नीट समजावून सांगायला लावली. आणि मग शांतपणे विचारलं की तिन्ही योजना एकत्रच का करू नयेत?

खोलीतले लोक बघत राहिले. सरकारची योजना झाली भाग ए, हॉस्पिटलचा विमा, पगारावरच्या करातून. बर्न्स यांची योजना झाली भाग बी, डॉक्टरच्या फीचा ऐच्छिक सरकारी विमा. म्हाताऱ्यानं महिन्याला ३ डॉलर भरायचे आणि तेवढेच सरकार घालणार. आणि गरिबांना राज्यांमार्फत मदत करायच्या कल्पनेतून तयार झालं मेडिकेड. विरोधकांकडं आता बोलायला काहीच उरलं नाही. त्यांची योजना कायद्यात होती, विरोध कशाला करणार?

जॉन्सन यांच्यापर्यंत बातमी गेली. विधेयक त्यांच्या मूळ योजनेपेक्षा कितीतरी मोठं आणि महाग झालं होतं. त्यांनी खर्चाची घासाघीस केली नाही, श्रेयावरून कुरकुर केली नाही. फक्त घाई करायला लावली. समितीनं १७ विरुद्ध ८ मतांनी विधेयक मंजूर केलं, त्या दिवशी फोनवर त्यांनी मिल्स यांना बजावलं की मेलेलं मांजर दारात पडून राहिलं की वास सुटतो, तसं याचं होऊ देऊ नका.

पण अजून सिनेट बाकी होतं. तिथल्या अर्थ समितीचे अध्यक्ष होते व्हर्जिनियाचे हॅरी बर्ड, मेडिकेअरचे विरोधक. थेट विरोध करायची त्यांना गरजच नव्हती. सुनावणीची तारीख लांबवत राहिले असते तरी काम झालं असतं.

२६ मार्चला जॉन्सन यांनी संसदेतल्या नेत्यांना व्हाईट हाऊसवर चर्चेला बोलावलं, त्यात बर्डही होते. चर्चा झाली आणि सगळ्यांना एका खोलीत नेलं, तर समोर टीव्हीचे कॅमेरे. बर्ड यांना याची कल्पनाच नव्हती. जॉन्सन यांनी कॅमेऱ्यासमोरच त्यांना विचारलं की सुनावणी वेळेवर घ्यायला काही अडचण आहे का. अख्खा देश बघत असताना बर्ड काय बोलणार? त्यांना अडचण नाही असंच म्हणावं लागलं.

८ एप्रिलला कनिष्ठ सभागृहात मतदान झालं. शेवटचा आकडा ३१३ विरुद्ध ११५ असा दणदणीत दिसतो. पण खरी लढाई त्याच्या आधीच्या मतदानात होती. मेडिकेअर परत पाठवून त्याऐवजी फक्त बर्न्स यांची योजना आणा, असा तो ठराव होता. तो २३६ विरुद्ध १९१ मतांनी पडला. म्हणजे २३ जण फिरले असते तर मेडिकेअर तिथंच अडकलं असतं. १९६४ ची निवडणूक आणि एकेक मत मोजायची ती सवय, दोन्ही इथं कामी आल्या.

पुढं अंतिम मसुदा २८ जुलैला सिनेटनं ७० विरुद्ध २४ मतांनी मंजूर केला. योगायोग असा की त्याच दिवशी जॉन्सन यांनी व्हिएतनाममधलं अमेरिकन सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा केली. ज्या कामासाठी त्यांचं नाव घेतलं जावं ते आणि ज्यासाठी त्यांना शिव्या बसल्या ते, दोन्ही एकाच तारखेला.

राहिले डॉक्टर. त्यांच्यात बहिष्काराची भाषा सुरू होती. सहीच्या तोंडावर जॉन्सन यांनी संघटनेच्या नेत्यांना बोलावलं आणि व्हिएतनामच्या लोकांवर उपचार करायला डॉक्टर पाठवाल का असं विचारलं. देशभक्तीचा विषय, ते लगेच हो म्हणाले. जॉन्सन यांनी तिथंच पत्रकार बोलावले. बहिष्काराचा प्रश्न आल्यावर उत्तर त्यांनी स्वतःच दिलं. जे डॉक्टर परदेशात जीव धोक्यात घालायला तयार आहेत, ते स्वतःच्या देशाचा कायदा पाळणार नाहीत का? नेत्यांना मान डोलवावी लागली. बहिष्कार बारगळला.

१ जुलै १९६६ ला योजना सुरू झाली. १ कोटी ९० लाख म्हातारे तिच्यात आले. ऐच्छिक असलेला भाग बी ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी घेतला. सरकारी पैसा पाहिजे तर वंशभेद चालणार नाही, असा नियम १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात होता. त्यामुळं काळ्या रुग्णांना वेगळ्या वॉर्डात टाकणाऱ्या किंवा दारातच अडवणाऱ्या बहुतेक हॉस्पिटलांनी काही महिन्यांत ते बंद केलं.

पण या तडजोडीची किंमतही मोजावी लागली. डॉक्टरांना दुखवायचं नाही म्हणून फीवर लगाम घातला नाही. वाजवी वाटेल ती फी सरकार देणार, असं ठरलं. खर्च पहिल्या काही वर्षांतच अंदाजाच्या पुढं पळाला. आणि ट्रुमन यांना हवा असलेला सगळ्यांचा विमा राहिला तो राहिलाच. २००९ मध्ये कनिष्ठ सभागृहानं ६५ वर्षांखालच्या लोकांसाठी सरकारी विम्याचा पर्याय मंजूर केला, पण सिनेटमध्ये ६० मतं जुळेनात म्हणून तो वगळावा लागला. विषय पुन्हा मतांच्या मोजणीवरच अडला.

व्हिएतनाममुळं लोकांचा राग इतका वाढला की १९६८ मध्ये जॉन्सन यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. ते टेक्सासच्या आपल्या शेतावर परतले. २२ जानेवारी १९७३ ला तिथंच हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांचा मृत्यू झाला.

आज मेडिकेअरवर ६ कोटींहून जास्त लोक आहेत. त्यासाठी साधारणपणे वयाची ६५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. जॉन्सन गेले तेव्हा त्यांचं वय ६४ होतं.