बोरिस कार्लॉफ

गावात बहुरूपी आला म्हणजे लहान मुले आईच्या पदराआड दडतात. तोच मनुष्य वेष उतरवून ओट्यावर पाणी मागू लागला, की त्यांना आपल्याच भीतीचे नवल वाटते. सर्व जगाला असे भेडसावून सोडणाऱ्या एका सौम्य नटाचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

बोरिस कार्लॉफ यांचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. २३ नोव्हेंबर १८८७ रोजी ते लंडन शहरी जन्मले. तथापि या घराण्याचा एक धागा आपल्या शेजारी येऊन पोचतो. कळंबहून बीडच्या वाटेने पुढे गेले म्हणजे नगर लागते. कार्लॉफ यांच्या आजीची सख्खी बहीण ॲना लिओनोवेन्स हिचा जन्म १८३१ साली तेथलाच. पुढे १८६२ ते १८६७ पर्यंत तिने सयामच्या राजवाड्यात राजाच्या मुलांस शिकविले. आपला जन्म वेल्समधला, असे मात्र ती जगास सांगत राहिली. खरी हकीकत तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी उघड झाली. मिश्र रक्ताच्या माणसास त्या काळच्या इंग्रजी समाजात कशी वागणूक मिळे हे ध्यानी घेता आम्ही तिला दोष देऊ धजत नाही. पण एका शिक्षिकेला जन्मगाव लपवावे लागावे, याचे वाईट वाटते खरे.

विल्यम सावळे होते, बोलताना अडखळत. आईबाप लवकर वारले. त्यांनी सरकारी वकिलातीत चाकरी धरावी अशी घरच्यांची इच्छा. पण १९०९ साली ते कॅनडास निघून गेले, शेतावर राबले आणि नवे नाव घेऊन फिरत्या नाटकमंडळीत शिरले. पुढे हॉलिवूडमध्ये काम नसेल तेव्हा त्यांनी मालमोटार हाकली, ओझी वाहिली. सावळ्या वर्णामुळे वाट्यास येत ती अरब वा हिंदी दुष्टांची कामे.

१९३१ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा बोलपट निघाला, तेव्हा ते चव्वेचाळिशीला टेकले होते. (फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नव्हे, त्यास घडविणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) रंगभूषेस रोज सुमारे चार तास लागत. पायांत जड बूट, आणि तोंडी एकही शब्द नाही! छपरातून प्रथमच उजेड येतो तेव्हा तो विद्रूप प्राणी दोन्ही हात वर करून प्रकाश धरू पाहतो. पुढे तळ्याकाठी एक चिमुरडी त्यास फुले देते. दोघे ती पाण्यावर सोडतात. फुले संपतात. मुलगीही तशीच तरंगेल असे वाटून तो तिला पाण्यात टाकतो. हे टाकणे कार्लॉफ यांना मनापासून नको होते. परीक्षकांनी तेवढा भाग कापला, आणि प्रेक्षकांनी त्याहून भयंकर काही कल्पिले! मुलांना मात्र भीतीपेक्षा त्या प्राण्याची कणवच अधिक आली. तशी पत्रे त्यांनी कार्लॉफ यांस लिहिली.

चित्रपटाच्या आरंभीच्या नामावळीत त्यांच्या नावाच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह होते. १९३५ साली दुसरा भाग आला तेव्हा पडद्यावर ‘कार्लॉफ’ एवढा एकच शब्द पुरला. मधल्या काळात, १९३३ साली, नटांच्या हक्कांसाठी संघ उभारणाऱ्यांत ते होते. रात्रंदिवस राबविले जाण्याचा अनुभव त्यांच्या पाठीने घेतलाच होता. पाठीचे दुखणे जन्माचे सोबती झाले, तरी कामे चालूच राहिली.

२ फेब्रुवारी १९६९ रोजी ते इंग्लंडात निवर्तले. कायद्याने नाव त्यांनी कधीच बदलले नाही. सरकारी कागदावर सही करताना ते आधी प्रॅट लिहीत, आणि मग कार्लॉफ.