गुलामांच्या जहाजाचा कप्तान पाद्री झाला, पण ‘ते’ पाप सुटायला त्याला ४० वर्षं लागली

‘अमेझिंग ग्रेस’ हे इंग्रजी भजन, कधी चर्चची पायरी चढला नसाल तरी, एखाद्या सिनेमात किंवा रीलवर तुमच्या कानावर पडलेलं असणार. ते लिहिणारा जॉन न्यूटन हा आफ्रिकेतली माणसं विकायला नेणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. वादळात सापडला, देवाला शरण गेला, धंदा सोडला आणि भजन लिहिलं, अशी गोष्ट फिरत असते. घडलं ते इतकं सरळ नव्हतं.

न्यूटनचा जन्म १७२५ चा, लंडनचा. सात वर्षांचा व्हायच्या आत आई गेली. वडील जहाजावर, त्यामुळे अकराव्या वर्षी पोरगाही समुद्रावर. पुढे नौदलाने त्याला जबरदस्तीने भरती केलं. तो पळाला, सापडला, फटके खाल्ले. पश्चिम आफ्रिकेत एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे राहिला, तर तिथे त्यालाच उपाशी ठेवून राबवलं गेलं. या काळात देवाधर्माची टिंगल करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

मार्च १७४८. ‘ग्रेहाउंड’ जहाज अटलांटिकच्या वादळात सापडलं. आत शिरलेलं पाणी उपसता उपसता न्यूटनने देवाची दया मागितली. जहाज कसंबसं आयर्लंडला लागलं. तो दिवस त्याने पुढे जन्मभर पाळला.

शिव्या सुटल्या. धंदा मात्र नाही सुटला.

उलट १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने गुलामांच्या तीन सफरी केल्या. रविवारी वर खलाशांची प्रार्थना चालायची आणि खाली साखळदंडात माणसं. बंडाच्या संशयावरून काही मुलांच्या अंगठ्यांना चाप लावल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. १७५४ साली त्याने समुद्र सोडला, तोही झटका आल्यामुळे. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता.

गंमत म्हणजे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात उदाहरण गुलामीचंच आहे. माणूस पापाचा गुलाम असतो. विश्वास ठेवणारा ख्रिस्ताबरोबर जणू मरतो आणि नवं आयुष्य जगू लागतो. मेलेल्या गुलामावर जुन्या मालकाचा हक्क कसला? म्हणजे पापाची सत्ता संपली. पण पौल तिथेच थांबत नाही. आता आपले हातपाय जुन्या मालकाच्या कामाला लावू नका, असंही तो लगेच बजावतो. सुटलेल्यालाही हे सांगावं लागतं, कारण सवय मागे उरते. न्यूटनच्या बाबतीत तर ती सवय आहे हेच त्याला दिसत नव्हतं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये तो प्रतिष्ठित धंदा होता.

१७६४ साली तो ओल्नी गावात पाद्री झाला. वादळानंतरही बराच काळ आपण खरे विश्वासू नव्हतो, असं त्याने त्याच वर्षीच्या आत्मकथनात लिहिलं. १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी ते प्रसिद्ध भजन रचलं. त्यातही गुलामांचा उल्लेख नाही.

पुढे तो लंडनच्या चर्चमध्ये आला. १७८५ साली विल्यम विल्बरफोर्स हा तरुण खासदार गुपचूप सल्ला मागायला आला, तेव्हा न्यूटनने त्याला राजकारण सोडू दिलं नाही. १७८८ साली त्याने स्वतःच्या जहाजांवरची हकीकत पुस्तिकेत छापली, आपला दोष कबूल केला आणि सरकारी चौकशीत साक्षही दिली. वादळाला ४० वर्षं झाली होती.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. न्यूटन ८१ वर्षांचा होता, डोळे जवळजवळ गेलेले. त्याच डिसेंबरात तो वारला. स्मृतिशिलेचा मजकूर त्याने आधीच लिहून ठेवला होता. आपण नास्तिक होतो, स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो, हे सगळं त्यात आहे. कप्तान होतो, हे मात्र नाही.