विश्लेषण : पियानो घडवणाऱ्या क्रिस्तोफोरींना श्रेय उशिरा का मिळाले?

जगभरातील मैफलींत वाजणारा पियानो मूळचा इटलीतील एका कारागिराच्या हातचा. मात्र बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरी यांच्या हयातीत या वाद्याला तिथे फारशी मागणी आली नाही. असे का झाले?

कोण होते क्रिस्तोफोरी?
त्यांचा जन्म १६५५ मध्ये पादुआ येथे झाला. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातील संगीतप्रेमी राजपुत्र फर्दिनांदो यांनी १६८८ मध्ये त्यांना सेवेत घेतले. दरबारातील वाद्यांची देखभाल करणे आणि नवी वाद्ये बनवणे हे त्यांचे काम होते.

अडचण काय होती?
बरोक काळात, म्हणजे साधारण १६०० ते १७५० दरम्यान, हार्पसिकॉर्डचे राज्य होते. त्यात पट्टी दाबली की पिसाच्या दांडीचा लहानसा तुकडा तार छेडतो. त्यामुळे बोट हळू पडो वा जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्लॅव्हिकॉर्डमध्ये तो कमी-जास्त करता येई, पण मुळातच इतका क्षीण की मोठ्या दालनात पोहोचत नसे.

उपाय कोणता शोधला?
क्रिस्तोफोरी यांनी तार छेडण्याऐवजी तिच्यावर छोट्या हातोडीचा आघात केला. हातोडी तारेला टेकून राहिली तर स्वर दबतो. म्हणून आघात होताच ती मागे येईल, अशी रचना त्यांनी केली. मेदिचींच्या १७०० सालच्या वाद्यसूचीत या वाद्याची नोंद आहे. इटालियनमध्ये ‘पियानो’ म्हणजे हळू, ‘फोर्ते’ म्हणजे मोठ्याने; त्यावरूनच हे नाव पडले.

श्रेय का हुकले?
लेखक शिपिओने माफेई यांनी १७११ मध्ये या वाद्यावर सविस्तर लेख लिहिला. पण काही वादकांना त्याचा आवाज मंद वाटला. १७१३ मध्ये राजपुत्राचे निधन झाले आणि मोठा आश्रयदाता गेला. क्रिस्तोफोरी मात्र काम करत राहिले. १७३१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याआधीच, १७२५ मध्ये, माफेई यांच्या लेखाचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध झाले होते. जर्मनीत गॉटफ्रीड झिल्बरमान यांनी त्याच धर्तीवर पियानो बनवले. १७४७ मध्ये पॉट्सडॅमच्या दरबारात योहान सेबास्टियन बाख यांनी झिल्बरमान यांचेच पियानो वाजवले. साहजिकच तिथे अनेकांना हा शोधही झिल्बरमान यांचाच वाटू लागला.

पुरावा कुठे आहे?
क्रिस्तोफोरी यांचे तीन पियानो आजही शिल्लक आहेत : १७२० चा न्यूयॉर्कमध्ये, १७२२ चा रोममध्ये आणि १७२६ चा लाइपझिगमध्ये. हातोडी मागे आणणारी त्यांची युक्ती, सुधारित रूपात, आजच्या पियानोतही कायम आहे.