एलिझाबेथ झिमरमन

एलिझाबेथ झिमरमन (जन्म: ९ ऑगस्ट १९१०, इंग्लंड, मृत्यू: ३० नोव्हेंबर १९९९, विस्कॉन्सिन, अमेरिका) या सुयांवरील विणकामाच्या शिक्षिका, रचनाकार आणि लेखिका होत्या. छापील कृतीतील आकड्यांवर विसंबून न राहता विणणाऱ्याने आपले माप, आपली लोकर आणि आपल्या हाताची वीण पाहून स्वतः हिशेब मांडावा, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होय. जवळ शिकवणारे कोणी नसताना घरीच विणकाम सुधारू पाहणाऱ्यांना त्यांची पुस्तके आजही उपयोगी पडतात.

जीवन

एलिझाबेथ यांचे माहेरचे आडनाव लॉइड-जोन्स. त्यांचे वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. उजव्या हातात धागा धरण्याची इंग्रजी पद्धत त्या आई व मावशांकडून शिकल्या. पुढे घरी शिकवायला आलेल्या स्विस बाईंकडून त्यांना डाव्या हातात धागा धरण्याची युरोप खंडातील पद्धत मिळाली. हीच दुसरी पद्धत अधिक सोपी व जलद आहे, असे त्यांचे मत होते आणि अमेरिकेत तिचा प्रसार होण्यास त्या मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरल्या. लोझान आणि म्युनिक येथे त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. मद्यनिर्मितीच्या व्यवसायातील जर्मन तज्ज्ञ आर्नोल्ड झिमरमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नाझी राजवटीमुळे आर्नोल्ड यांना जर्मनी सोडावी लागली होती. १९३७ मध्ये हे दांपत्य अमेरिकेत आले आणि काही वर्षांनी विस्कॉन्सिन राज्यात स्थिरावले. त्यांना तीन अपत्ये झाली. एलिझाबेथ पतीच्या मोटरसायकलवर मागे बसूनही विणत असत.

बदललेली कृती आणि वार्तापत्र

१९५० च्या दशकात त्या मासिकांना विणकामाचे नमुने पाठवू लागल्या. स्वेटर गोल सुईवर, म्हणजे लवचीक तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, नळीसारखा सलग विणावा, असा त्यांचा आग्रह असे. सपाट विणताना दर दुसरी ओळ उलट टाक्यांची घालावी लागते आणि शेवटी पाठ, पोट व बाह्या शिवून जोडाव्या लागतात. गोल विणताना सुलट बाजू सतत डोळ्यांसमोर राहते. त्यामुळे उलट टाक्यांची गरज उरत नाही, रंगीत नक्षीतील चूक तत्काळ दिसते आणि अर्धवट विणलेला कपडा अंगाला लावूनही पाहता येतो. असा एक नमुना छापताना एका मासिकाने मात्र त्यांची कृती प्रचलित रिवाजाप्रमाणे सपाट तुकड्यांची करून टाकली. कपड्याचे चित्र त्यांचे होते, परंतु त्यामागील विचारच गाळला गेला होता.

यापुढे आपली कृती आपल्याच शब्दांत वाचकांपर्यंत पोहोचावी म्हणून १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे वार्तापत्र सुरू केले. पुढील वर्षी लोकर, सुया व पुस्तके टपालाने विकण्याचा व्यवसाय सुरू झाला. झिमरमन कुटुंब एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहत असे. त्यावरून या व्यवसायाला स्कूलहाउस प्रेस हे नाव मिळाले.

टक्केवारीची पद्धत

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे योगदान म्हणजे मापांची टक्केवारी. आधी नमुन्याचा तुकडा विणून एका इंचात किती टाके बसतात हे मोजायचे. या मोजणीत त्या कोणतीही सवलत देत नसत. इंचाला ५ टाके बसत असतील आणि स्वेटरचा घेर ४० इंच हवा असेल, तर एकूण टाके २०० होतात. हे १०० टक्के धरले की मनगटाला २० टक्के म्हणजे ४० टाके, बाहीच्या वरच्या भागाला सुमारे ३३ ते ३५ टक्के आणि प्रत्येक काखेत ८ टक्के म्हणजे १६ टाके, असा हिशेब मिळतो. लोकर जाड असो वा बारीक, माणूस सडपातळ असो वा स्थूल, प्रमाण तेच राहते. मोजणीत अर्ध्या टाक्याची चूक झाली आणि इंचाला प्रत्यक्षात साडेपाच टाके बसले, तर तोच स्वेटर साडेतीन इंचांहून अधिक तोकडा होतो. नवशिक्यांचे बहुतेक स्वेटर इथेच बिघडतात. कंटाळवाणा तुकडा विणण्याऐवजी त्या टोपी विणायला सांगत. मोजणीही होते आणि टोपीही पदरात पडते.

वर्तुळाकार शालीसाठी त्यांनी भूमितीचा आधार घेतला. त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. म्हणून ९ टाक्यांपासून आरंभ करून ते १८, ३६, ७२ असे एकदम दुप्पट करायचे आणि मधल्या साध्या फेऱ्या ३, ६, १२, २४ अशा वाढवत न्यायच्या. प्रत्येक फेरीत टाके वाढवण्याचा त्रास त्यामुळे वाचतो. १९६८ च्या वार्तापत्रातील बाळाचे जाकीट तर एकाच सलग, वेड्यावाकड्या दिसणाऱ्या तुकड्यातून घडते. तो विशिष्ट रीतीने दुमडून केवळ खांद्यांवर दोन शिवणी घातल्या की जाकीट तयार होते. विणत असताना त्याचा अंतिम आकार भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही!

अशा रचनांना शोध म्हणण्यास त्या तयार नव्हत्या. पूर्वी कुठेतरी, कुणालातरी हे सुचलेच असणार, अशी त्यांची धारणा होती आणि ती व्यक्त करण्यासाठी त्यांनी एक नवा इंग्रजी शब्दही घडवला होता.

ग्रंथ व अखेर

१९६० च्या दशकात सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील ‘द बिझी निटर’ या मालिकेतून त्यांनी विणकाम शिकवले. ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर ‘निटर्स अल्मनॅक’ (१९७४), ‘निटिंग वर्कशॉप’ (१९८१) आणि आत्मकथनाची जोड असलेले ‘निटिंग अराउंड’ (१९८९) ही पुस्तके आली. बाई वाचकाशी गप्पा मारत शिकवतात. त्यामुळे केवळ आकडे शोधणाऱ्याची थोडी पंचाईत होते. १९७४ पासून विस्कॉन्सिनमध्ये विणकामाची उन्हाळी शिबिरे भरू लागली. १९८९ च्या सुमारास त्या निवृत्त झाल्या आणि शिबिरांची व प्रकाशनाची धुरा कन्या मेग स्वान्सन यांनी सांभाळली. १९५८ ते १९६८ या काळातील वार्तापत्रे २००५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.