गोदावरीबाई परुळेकर

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ सालीं पुण्यास सुखवस्तु गोखले घराण्यांत झाला. कायद्याची पदवी घेऊन त्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्या झाल्या. १९३९ सालीं त्यांचा विवाह शामराव परुळेकरांशीं झाला.

१९४५ च्या जानेवारींत आपल्या भिवंडीपासून जवळच असलेल्या टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तेथें आलेल्या वारल्यांची हकीकत ऐकून बाई डहाणू-उंबरगांवच्या रानांत गेल्या. रानांतील गवत वारली कापीत. मजुरी मात्र जमीनदार ठरवीत, आणि वेठ निराळीच. बाई पाड्यापाड्यांतून पायीं हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या. आधीं ऐकलें, मग बोलल्या. मे महिन्यांत झरी येथें हजारों वारल्यांनीं वेठ न करण्याचा निर्धार केला. पुढें गवतकापणीचा संप झाला. आक्टोबरांत तलवाडा येथें गोळीबार होऊन जेठ्या गांगड व इतर चौघे प्राणांस मुकले. तरी संघटना मोडली नाहीं.

हा लढा त्यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत लिहून ठेविला. त्यास १९७२ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. १९९६ सालीं त्या निवर्तल्या.

मुलांनो, रानावर प्रेम करणारे पुष्कळ असतात. परंतु रानांत राबणाऱ्यांस न विचारतां केलेली रानाची सेवा अपुरीच राहते, हें या चरित्रावरून ध्यानांत ठेवावें.