नदीकाठच्या चिमण्यांचे खाते

अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस हे शहर आहे. तेथे ओलेनटांगी नदीकाठच्या झाडोऱ्यात मार्च १९२८ मध्ये एका बाईने इवलासा पक्षी पकडला, त्याच्या पायात कडे घातले आणि सोडून दिला. ती बाई म्हणजे मार्गारेट मोर्स नाइस. पक्षी अभ्यासकांत हे नाव आजही आदराने घेतले जाते.

जन्म १८८३ चा, मॅसॅच्युसेट्समधला. वडील इतिहासाचे प्राध्यापक. प्राणिशास्त्राचे शिक्षण रीतसर झालेले. पण १९०९ मध्ये लग्न झाले आणि नवऱ्याची नोकरी तिथे बिऱ्हाड सुरू झाले. पाच मुली. कोलंबसला आल्यावर लवकरच नऊ वर्षांची एलेनॉर न्यूमोनियाने गेली. नदीकाठचे काम त्याच काळातले.

पक्षी होता साँग स्पॅरो. आपल्या अंगणातली चिमणी वेगळी. हिचे कूळच निराळे. तोवर पक्ष्यांची वर्णने जातीची होत. मार्गारेटबाईंनी प्रत्येकाच्या पायात वेगवेगळ्या रंगांची कडी घातली आणि प्रत्येकाची ओळख ठेवली. बँकेत उभा जन्म खातेवह्यांत गेल्यामुळे मला हे फार भावते. एकूण बेरीज कोणीही सांगेल. माणूस कळतो तो त्याच्या स्वतंत्र खात्यावरूनच!

काय दिसले त्या खात्यांत? घरटे मादी एकटीच बांधते. वसंतातले पहिले बहुधा जमिनीवर, वाळल्या गवताच्या आडोशाला. झुडपांना पालवी फुटली की पुढचे जरा उंचावर. अंडी तीन ते पाच. बारा-तेरा दिवस उबवते तीच. पिल्लांना मात्र दोघे मिळून किडे-अळ्या भरवतात. दहाव्या दिवसाच्या सुमारास, धड उडता येण्याआधीच, पिल्ले घरट्याबाहेर पडतात. थंडीत पोट भरते ते तणांच्या बियांवर. आपण ज्याला माजलेले रान म्हणून साफ करायला निघतो, तेच यांचे घर आणि कोठारही. त्यात काऊबर्ड आपल्या कोकिळेसारखा परक्या घरट्यात अंडे घालतो, आणि त्याचे दांडगे पिल्लू घरच्यांच्या तोंडचा घास पळवते.

काही नर हिवाळ्यातही तिथेच राहत, काही दक्षिणेला जात. एखाद्याचा बेत वर्षागणिक बदले. ‘चार-एम’ हा बाईंचा जुना ओळखीचा नर. मे १९३५ मध्ये त्याच्यासाठी त्या दिवसभर बसल्या आणि त्याची गाणी मोजली. भरली २,३०५!

एवढे मोठे लेखन प्रथम छापले जर्मन नियतकालिकाने, १९३३-३४ मध्ये. न्यूयॉर्कच्या लिनियन सोसायटीने पहिला खंड काढला १९३७ मध्ये. १९४२ मध्ये मानाचे ब्रूस्टर पदक मिळाले. हाताशी ना पद, ना पगार. तरी कोणी नुसती गृहिणी म्हटले की बाईंना राग येई. मला तो अगदी रास्त वाटतो.

१९३६ मध्ये कुटुंब शिकागोला गेले. तिथे ती नदी नव्हती, पण टिपणे बरोबर होती. त्यांतून १९४३ मध्ये दुसरा खंड निघाला. १९७४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, शिकागोतच त्या वारल्या.