छोटी बहू आणि महजबीं

महजबीं बानो हे नाव घेतलं तर आपल्या घरातली मुलं नुसती बघत राहतात. मीनाकुमारी म्हटलं की मात्र दादी-नानी पलंगावरून उठून बसतात. माझ्या अम्मीही त्यातल्याच. टीव्हीवर ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ लागला की त्या दर वेळी हळहळतात, बिचारीने रोलसाठी पेला हातात घेतला आणि मग तो आयुष्यात खाली ठेवलाच नाही. लहानपणापासून मीही हेच ऐकत आलो आणि खरं सांगायचं तर पुढे मीही इतरांना तेच सांगत राहिलो. नंतर त्यांच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो, उर्दूतलं आणि मराठीतलंही, तेव्हा लक्षात आलं की आपण किती सहज एका बाईचं आयुष्य तिच्या सिनेमाच्या कथेत कोंबून टाकलंय.

महजबींचा जन्म ऑगस्ट 1933 मधला, मुंबईचा. वडील अली बख्श पारशी रंगभूमीवर हार्मोनियम वाजवायचे, संगीत शिकवायचे. आई इक्बाल बेगम याही रंगभूमीवरच्या. घरात तीन मुली, खुर्शीद, महजबीं आणि धाकटी मधू. पैशांची चणचण कायमची. वयाची सहा वर्षं पूर्ण होतात न होतात तोच महजबीं कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. विजय भट्ट यांच्या ‘लेदरफेस’ मध्ये, 1939 साली. पुढच्याच वर्षी भट्टसाहेबांनी तिचं नाव बेबी मीना ठेवलं. म्हणजे पोरीचं नावसुद्धा कामाच्या ठिकाणी बदललं गेलं. घर तिच्या कमाईवर चालू लागलं आणि नियमित शाळा राहून गेली.

शिक्षक म्हणून मी या गोष्टीपाशी थांबतो. सहा-सात वर्षांचं मूल खेळताना कधी डॉक्टर होतं, कधी दुकानदार, कधी स्वतःचीच अम्मी. खेळ संपला की आईने हाक मारली की ते परत स्वतः होतं. ही जी परत येण्याची सवय असते ना, ती मुलाला खेळातूनच लागते. महजबींचा खेळ हाच तिचा रोजगार होता. स्टुडिओत दुसऱ्याची मुलगी व्हायचं, दुसऱ्याचं दुःख रडायचं आणि घरी आल्यावर कमावती व्हायचं. नुसतं मूल असण्यासाठी तिला वेळ कधी मिळाला असेल?

वाचनाचं वेड मात्र होतं. सेटवर फावल्या वेळात त्या उर्दू वाचत बसायच्या. पुढे ‘नाज़’ या तखल्लुसने शायरीही लिहू लागल्या. त्या शायरीकडे मी पुन्हा येणार आहे.

‘बैजू बावरा’ 1952 साली आला आणि मीनाकुमारी घराघरांत पोहोचल्या. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिलाच पुरस्कार त्यांना याच सिनेमासाठी मिळाला. पण त्याच्या आधीच्या वर्षात एक अपघात झाला होता, आणि तो आपल्या महाराष्ट्रातला. महाबळेश्वरहून परतताना गाडीला अपघात होऊन त्यांच्या डाव्या हाताला जबर इजा झाली. पुण्याच्या ससून रुग्णालयात बरेच महिने काढावे लागले. करंगळी कायमची अधू झाली. त्यानंतरचे त्यांचे सिनेमे नीट पाहा, डावा हात बहुतेक वेळा पदराखाली, ओढणीत किंवा दुसऱ्या हाताच्या आडोशाला असतो. प्रेक्षकांना ती अदा वाटली. किती मुलींनी आरशासमोर उभं राहून तशी ओढणी धरली असेल! मुळात ती एका जखमेची लपवाछपवी होती. माणूस आपलं स्वतःचं काय काय घेऊन रोलमध्ये शिरतो, ते या हाताकडे बघितलं की कळतं.

ससूनच्या त्या दिवसांत ‘महल’चे दिग्दर्शक कमाल अमरोही भेटायला येत असत. पत्रं चालू झाली. ते त्यांना मंजू म्हणायचे, त्या त्यांना चंदन. वय पंधरा वर्षांनी जास्त, आधीची बायको, मुलं, सगळं माहीत असूनही 14 फेब्रुवारी 1952 रोजी दोघांचा निकाह झाला, तोही वडिलांपासून लपवून. नंतर घरी परतण्याची वेळ ठरवून दिली गेली, मेकअपच्या खोलीत बाहेरच्या कुणी यायचं नाही असं ठरलं. नवऱ्याबायकोच्या भांडणात बाहेरच्याने न्यायनिवाडा करू नये, त्यामुळे मी यापेक्षा जास्त लिहीत नाही.

आता दिलीपकुमार यांची गोष्ट मध्येच सांगावी लागेल. युसूफ खान साहेब त्या काळात एकामागून एक दुःखाचे रोल करत होते. ‘मेला’, ‘अंदाज़’, ‘दीदार’. पडद्यावर कधी मरायचं, कधी आंधळं व्हायचं, कधी सगळं गमवायचं. त्यांची पद्धत अशी की रोल पूर्ण अंगात भिनवल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर जायचं नाही. मग तो अंगातून निघेना. मनावर एवढा भार आला की शेवटी त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी सांगितलं, हलकेफुलके रोल करा. त्यांनी ते मानलं. ‘आज़ाद’ केला, 1955 मध्ये. पुढे 1960 मध्ये ‘कोहिनूर’. तलवारबाजी, वेशांतर, हसणं-खिदळणं. ज्यांनी ‘देवदास’ मधला त्यांचा चेहरा पाहिला त्यांना ‘कोहिनूर’ मधला माणूस ओळखू येऊ नये.

आणि या दोन्ही सिनेमांची हिरोईन कोण? मीनाकुमारी! ज्या सेटवर युसूफ साहेबांचं मन हलकं होत होतं, त्याच सेटवर त्या समोर उभ्या होत्या. त्यांनाही ते हसणं छान जमत होतं. ‘आज़ाद’ मध्ये त्या इतक्या खेळकर दिसतात की वाटतं, याच वाटेने पुढे गेल्या असत्या तर! 1957 चा ‘मिस मेरी’ही तसाच, हलका आणि गोड. पण निर्मात्यांना त्यांचे अश्रू हवे होते आणि तिकीटबारीवर अश्रूच चालत होते. त्यांच्यासोबत काम केलेले लोक सांगायचे की रडण्यासाठी त्यांना ग्लिसरीन लागत नसे. हे आपण कौतुकाने सांगतो. मला आता ते ऐकताना थोडी भीती वाटते. एका माणसाला डॉक्टरने वेळेवर सावध केलं आणि त्याने रस्ता बदलला. दुसऱ्या माणसाला कुणी सावध केलं नाही, उलट टाळ्या वाजवल्या.

मग आली छोटी बहू. ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ 1962 चा. निर्माते गुरुदत्त, दिग्दर्शक अबरार अल्वी, मूळ कादंबरी बिमल मित्र यांची. कलकत्त्याची जुनी जमीनदारी हवेली. धाकटी सून, शृंगार करून नवऱ्याची वाट पाहत बसणारी. नवरा रात्री कोठ्यावर. त्याने घरी थांबावं म्हणून ती त्याच्यासोबत दारू पिऊ लागते. ज्या गोष्टीची तिला किळस होती तीच करते, फक्त त्याने बसावं म्हणून. नवरा तरीही सुटतो आणि दारू मात्र राहते. शेवटी त्या पडक्या हवेलीत तिचा सांगाडा सापडतो.

हा रोल करताना मीनाकुमारी यांनी आपल्या डायरीत नोंद केली होती. त्याचा आशय असा की ही बाई त्यांना सोडत नव्हती. दिवस तर तिच्यात जातच होता, रात्रीचाही मोठा भाग तिच्या लाचारीचा, तिच्या दुःखाचा, तिच्या हसण्याचा आणि आशेचा विचार करण्यात जात होता आणि त्यांना त्याचा वीट आला होता. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या छोट्या बहूच्या प्रेमात आंधळ्या झाल्या नव्हत्या. वैतागल्या होत्या. घरात राहायला आलेल्या आणि परत जायचं नावच न काढणाऱ्या पाहुणीला माणूस वैतागतो, तसं. पाहुणीचा लळाही लागतो आणि ती कधी एकदा जाईल असंही होतं.

पडद्यावर याचं काय झालं ते आपण पाहिलंय. नवऱ्याला अडवतानाचं त्यांचं ते गाणं, गीता दत्त यांच्या आवाजातलं. डोळे अर्धे मिटलेले, केस सुटलेले, आवाजात विनवणी आणि राग दोन्ही. त्या वर्षी फिल्मफेअरच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीत तिन्ही नामांकनं एकट्या मीनाकुमारी यांची होती. स्पर्धा त्यांची त्यांच्याशीच. जिंकली छोटी बहू.

आता अम्मींच्या हळहळीकडे येतो. दारू छोट्या बहूने शिकवली का? चरित्रकार लिहितात ते असं की झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी औषधासारखी थोडी ब्रँडी सुचवली आणि तिथून ती सवय लागली. हे सिनेमा आल्यानंतरचं. 1964 मध्ये त्या कमाल अमरोहींच्या घरातून बाहेर पडल्या. लहानपणापासूनची कमाई इतरांच्या हाती जात राहिलेली, रात्रीची झोप उडालेली, बोलायला विश्वासाचं माणूस नाही. दारू हराम आहे, त्यात दुमत असण्याचं कारण नाही. पण औषधाच्या चमच्यातून ती घरात कशी शिरते हे आपल्याकडच्या घरांनाही समजून घ्यायला हवं. सिनेमावर ढकलून दिलं की मग विचार करावा लागत नाही.

आणि हे फक्त दारूपुरतं नाही. मोबाईलवर त्यांच्या तलाकची आणि हलालाची एक खमंग गोष्ट सतत फिरत असते. तिला भरवशाचा आधार मला आजवर कुठे मिळालेला नाही. पण ती चालते, कारण ती सिनेमासारखी आहे. पडद्यावर जिने इतकं सोसलं तिने घरीही तेवढंच, तसंच सोसलं असणार, असं आपण धरून चालतो. रोलमध्ये शिरणारी ती एकटी नव्हती. तिच्या रोलला घट्ट धरून बसलेले आपण प्रेक्षकही होतो आणि आपण तर तिलाही बाहेर येऊ दिलं नाही. तिला ‘ट्रॅजेडी क्वीन’ म्हटलं आणि मोकळे झालो.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा सातवीतल्या मुलीने मुलगा गमावलेल्या आईचं काम केलं. पडदा पडला तरी ती रडायची थांबेना. आम्ही शिक्षक मंडळी आधी खूश झालो, काय काम केलं म्हणून. आमच्या शाळेतल्या शिपाई मावशींनी मात्र तिला बाजूला नेलं, तोंड धुवायला लावलं, तिच्या खऱ्या नावाने दोन-तीनदा हाक मारली, वडापाव दिला. पाच मिनिटांत पोरगी मैत्रिणींबरोबर हसत होती. बीएडला हे कुणी शिकवलं नव्हतं.

महजबीं या नावाने हाक मारणारं माणूस मीनाकुमारी यांच्याभोवती कमी होत गेलं असावं. म्हणून मला त्यांची शायरी मोलाची वाटते. तिथे संवाद दुसऱ्याने लिहिलेले नव्हते. 1971 मध्ये त्यांच्याच आवाजात त्यांच्या कलामाची ‘आय राइट, आय रिसाइट’ ही रेकॉर्ड निघाली, संगीत ख़य्याम यांचं. त्यांच्या पश्चात गुलज़ार यांनी त्यांची शायरी प्रसिद्ध केली. त्या आवाजात सिनेमातला हुंदका नाही. बाई शांतपणे, थकलेल्या आवाजात आपलं म्हणणं सांगते आहे, एवढंच. ज्यांनी त्यांना फक्त पडद्यावर ऐकलंय त्यांनी ही रेकॉर्ड जरूर ऐकावी.

1968 मध्ये यकृताच्या दुखण्यावर लंडनला इलाज झाला. परतल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या. त्याच काळात कमाल अमरोहींचा अर्धवट पडलेला ‘पाकीज़ा’ परत उभा राहिला. सुनील दत्त आणि नर्गिस यांनी मध्ये पडून दोघांना राजी केलं आणि 1969 मध्ये शूटिंग सुरू झालं. पहिली आखणी झाली तेव्हा त्या विशी-पंचविशीत होत्या. आता शरीर साथ देत नव्हतं, शेवटचा काचांवरचा नाच पद्मा खन्ना यांना पुढे करून घ्यावा लागला. मधल्या काळात संगीतकार ग़ुलाम मोहम्मद वारले, कॅमेरामन जोसेफ विर्शिंग वारले. मीनाकुमारी यांनी यात आई आणि मुलगी दोन्ही केल्या, शिवाय पोशाखही त्यांनीच तयार केले. दुसऱ्याने लिहिलेल्या बाईला कपडे तरी आपल्या पसंतीचे! अंगात रोल येतो म्हणतात, इथे त्यांनी रोलच्या अंगावर आपलं काहीतरी घातलं, हे मला आवडतं.

त्याच सुमारास गुलज़ार यांच्या ‘मेरे अपने’ मध्ये त्यांनी खेड्यातून शहरात आलेली म्हातारी केली. तेव्हा वय चाळीसही नव्हतं. तिथे ना नवरा आहे ना पेला. गल्लीतल्या उनाड पोरांना जीव लावणारी एक दादी. इतकी साधी की मीनाकुमारी आठवतच नाहीत. त्यांचा हा रोल लोक सगळ्यात शेवटी सांगतात. मी तो आधी सांगेन.

‘पाकीज़ा’ फेब्रुवारी 1972 मध्ये मुंबईत मराठा मंदिरला लागला. सुरुवातीला गर्दी बेताची होती. 31 मार्चला मीनाकुमारी यांचं इंतकाल झालं, वय 38. मग मात्र लोकांची रीघ लागली, आपली नेहमीची रीत. माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात त्यांना दफन केलं. 1993 मध्ये कमाल अमरोही गेले, त्यांची कबर शेजारीच आहे.

गेल्या महिन्यात टीव्हीवर परत छोटी बहू लागली होती. अम्मींनी हळहळायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांना ब्रँडीचं, डॉक्टरांचं, ससूनचं, सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं की पोरीचं खरं नाव काय होतं. मी सांगितलं. त्यांनी ते नाव घेऊन मगफिरतीची दुआ केली आणि टीव्ही बंद करायला सांगितला.